'उघडता येत नाही अशी फाइल' इंग्रजीत कशी सांगायची?

एक साधं वाक्य घेऊ. 'ज्या फायली डिलीट करायच्या नाहीत त्या मी वेगळ्या ठेवल्यात.' मराठीत हे आपण हातातलं काम न थांबवता बोलून जातो, पण तेच इंग्रजी ईमेलमध्ये लिहायची वेळ आली की गाडी अडते. 'द फाइल्स व्हिच आर नॉट टू डिलीट', 'द फाइल्स व्हिच मस्ट बी नॉट डिलीट', 'द फाइल्स व्हिच मस्ट नॉट डिलीटेड, दे आर...' हे तिन्ही प्रकार मी लोकांचे ड्राफ्ट तपासताना इतक्या वेळा पाहिलेत की आता नजर आपोआप तिथेच जाते. बरं, लिहिणाऱ्याला पॅसिव्ह ('केलं जातं' वाला प्रयोग) येत नसतो असं नाही, मोडल व्हर्ब (मस्ट, शुड, कॅन वगैरे) माहीत असतात, रिलेटिव्ह क्लॉजही ('जो-जी-जे' चा तुकडा) शाळेत होऊन गेलेला असतो, पण तिन्ही एकाच वाक्यात आले आणि वर नकार आला की घोळ होतो.

बरोबर वाक्य हे: 'द फाइल्स दॅट मस्ट नॉट बी डिलीटेड आर इन अ सेपरेट फोल्डर.' (इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत देतेय, मोठ्यानं वाचा, कानाला सवय लागली की अर्धं काम झालं.)

माझं मत विचाराल तर फॉर्म्युला पाच मिनिटांत येतो. खरं काम त्याच्या आधीचं आहे, म्हणजे आपल्या डोक्यातल्या मराठी वाक्यात 'नाही' नेमकं कसलं आहे ते ओळखणं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: मराठीतलं 'नाही' पकडा

मराठीत आपण नकार क्रियापदाच्या शेपटीला लावतो आणि त्या शेपटीवरूनच कळतं की मनाई आहे, सल्ला आहे, जमत नाहीये की नुसतीच गरज नाहीये. इंग्रजीत ते सगळं मोडलवर येतं. तर जोड्या अशा लागतात. 'करू नये' म्हणजे शुड नॉट. 'करायचं नाही, अजिबात चालणार नाही' म्हणजे मस्ट नॉट. 'करता येत नाही' म्हणजे कॅनॉट, तेच 'येत नव्हतं' असेल तर कुड नॉट. 'करायची गरज नाही' म्हणजे नीड नॉट. 'कदाचित होणार नाही' म्हणजे माइट नॉट, आणि नुसतं 'होणार नाही' म्हणजे विल नॉट.

यातली सगळ्यात घातकी जागा म्हणजे 'नको'. 'तो फॉर्म भरायला नको' असं आपण म्हणतो तेव्हा दोन अर्थ निघतात, एक म्हणजे भरायची गरज नाही, सुटलो, आणि दुसरा म्हणजे भरू नका, भरलात तर भानगड होईल. मराठीत आवाजावरून आणि चेहऱ्यावरून कळतं. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते: 'द फॉर्म दॅट नीड नॉट बी फिल्ड इन' की 'द फॉर्म दॅट मस्ट नॉट बी फिल्ड इन'. दोन्ही वाक्यं व्याकरणाला धरून आहेत, दोघांचा अर्थ जवळजवळ उलटा आहे.

हे मी स्वतः भोगलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका यादीवर मी लिहिलं होतं, 'नेम्स दॅट नीड नॉट बी शेअर्ड'. माझ्या मनात होतं की ही नावं बाहेर जायला नकोत. वाचणाऱ्यानं अर्थ घेतला की शेअर केलीच पाहिजेत असं काही नाही, पण केली तर हरकतही नाही, आणि त्यानं केली. त्याची काय चूक, मी लिहिलं होतं तेच त्यानं वाचलं.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या, मग पाठ करावं लागत नाही. 'मस्ट नॉट' मध्ये नॉट हा मस्टला मोडत नाही, तो पुढच्या कामाला लागतो, म्हणजे 'न करणं बंधनकारक'. 'नीड नॉट' मध्ये नकार थेट बंधनावरच पडतो, म्हणजे 'करण्याचं बंधन नाही'. 'कॅनॉट' मध्येही नकार शक्यतेवर पडतो, 'करणं शक्य नाही'. दिसायला तिन्ही सारखेच, मोडल आणि त्याच्यामागे नॉट, पण नॉट कोणाला धरतो ते प्रत्येकाचं वेगळं. 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे' आणि 'मस्ट नॉट' म्हणजे 'पाहिजे असं नाही' असं सरळ गणित मांडलंत की फसलात.

आता मस्ट नॉट आणि शुड नॉट यांच्यात कितीसा फरक, असं वाटत असेल तर कॉम्प्युटरवाल्यांकडे बघा. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या आरएफसी नावाच्या कागदपत्रांत लिहितात त्यातलं २११९ क्रमांकाचं, मार्च १९९७ चं, फक्त असल्या शब्दांचे अर्थ ठरवायला काढलेलं आहे. त्यात मस्ट नॉट म्हणजे पूर्ण बंदी, आणि शुड नॉट म्हणजे सहसा करू नका, पण एखाद्या ठिकाणी खरंच तसं कारण असेल तर परिणामांचा नीट विचार करून करू शकता. असल्या मोजक्या शब्दांसाठी वेगळं कागदपत्र काढावं लागलं म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांचाही गोंधळ होत असणारच की.

पायरी २: मोडल, नॉट, बी, थर्ड फॉर्म

क्रम पक्का आहे आणि तो कधीच हलत नाही. आधी मोडल, त्याला चिकटून नॉट, मग बी, मग क्रियापदाचा थर्ड फॉर्म (टेक-टुक-टेकन मधला टेकन). मस्ट नॉट बी ओपन्ड. कॅनॉट बी रिपेअर्ड. शुड नॉट बी टेकन. 'मस्ट बी नॉट ओपन्ड' नाही, 'कॅन बी नॉट रिपेअर्ड' तर नाहीच नाही.

यातला 'बी' सगळ्यात जास्त गळतो. कारण उघड आहे, मराठीत 'उघडता येत नाही' मध्ये त्या बीच्या जागी बसेल असा शब्दच नाही, मग हात तो टाइप करत नाही. उपाय एकच, लिहून झालं की नॉटच्या पुढचा शब्द बघायचा. पॅसिव्ह म्हणायचंय आणि तिथे बी नाही, म्हणजे चूक. आणि बी हा बीच राहतो, फायली एक असो की शंभर, मोडलनंतर इज, आर, बीन असलं काही येत नाही. (बीन येतो, पण त्याच्या आधी हॅव आल्यावर, ते पुढे बघू.)

कॅनॉट हा एकच शब्द म्हणून लिहायचा, मध्ये जागा सोडायची नाही, बाकीचे सगळे दोन शब्द. बोलताना मसन्ट, शुडन्ट, कॅन्ट असं होतंच, मसन्टमधला पहिला ट तर कोणी उच्चारतही नाही. पण फोनवर कोणाला सूचना देत असाल तर कॅनॉट असं पूर्ण म्हणा, कारण 'कॅन बी' आणि 'कॅन्ट बी' यातला तो शेवटचा ट घाईत ऐकूच येत नाही आणि समोरचा बरोबर उलटं काम करून बसतो.

नेव्हर वापरायचा असेल तर तो नॉटच्या जागी बसतो, 'पासवर्ड्स दॅट शुड नेव्हर बी रिपीटेड', मग नॉट काढून टाकायचा. आणि कधी कधी नकार क्रियापदाला न लागता सब्जेक्टलाच लागतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं चौथं कलम 'नो वन शॅल बी हेल्ड इन स्लेव्हरी ऑर सर्व्हिट्यूड' असं सुरू होतं, शॅल बी आहे, पॅसिव्ह आहे, पण नॉट कुठेच नाही, कारण नकार 'नो वन' मध्ये आधीच होऊन गेलाय. असं असेल तर पुढे परत नॉट घालू नका.

पायरी ३: जोडताना 'तो-ती-ते' सोडून द्या

आता खरी मराठी खोड. आपल्याकडे जो आला की तो आलाच पाहिजे. 'जी फाइल उघडत नाही ती परत पाठव.' ही 'ती' गाळली तर मराठी वाक्य लंगडं होतं. इंग्रजीत उलट, व्हिच किंवा दॅट एकदा आला की त्यानं ती जागा घेतली, परत 'इट' किंवा 'दे' आणायचं नाही. 'द फाइल व्हिच कॅनॉट बी ओपन्ड, इट इज टू लार्ज' या वाक्यातला 'इट' म्हणजे आपली 'ती' आहे, मराठीतून नेसत्या वस्त्रानिशी निघून आलेली. तिला काढा: 'द फाइल दॅट कॅनॉट बी ओपन्ड इज टू लार्ज.'

म्हणून मी नवीन लोकांना सांगते की भाषांतर 'जो-तो' वरून करूच नका, आधी मराठी वाक्य 'अशी' वापरून फिरवा. 'उघडता येत नाही अशी फाइल', 'सांगायचं नाही असं नाव', 'पाठवायला नको होतं असं पत्र'. यात तो-ती-ते उरतच नाही. मग फक्त उलटं चालायचं, नाव आधी, मग दॅट, मग मोडल, नॉट, बी, थर्ड फॉर्म. फाइल, दॅट, कॅनॉट, बी, ओपन्ड. एवढंच.

माणूस असेल तर हू, वस्तू असेल तर व्हिच किंवा दॅट. आणि 'ज्याचं, जिचं' असेल तर हूज, हा लोक विसरतात पण कामाचा आहे: 'अ पेशंट हूज नेम मस्ट नॉट बी डिस्क्लोज्ड', ज्याचं नाव सांगायचं नाही असा पेशंट. जागा असेल तर 'इन व्हिच' किंवा सरळ 'व्हेअर': 'अ रूम व्हेअर फोन्स मस्ट नॉट बी यूज्ड'.

एक इशारा. 'द बुक आय बॉट' असं वाक्य तुम्ही ऐकलेलं असतं, त्यात दॅट गाळलेला असतो, म्हणून वाटतं की इथेही गाळला तर चालेल. चालत नाही. 'बॉट' च्या वाक्यात करणारा 'आय' वेगळा आहे, पुस्तक ऑब्जेक्ट आहे. आपल्या वाक्यात फाइल हीच सब्जेक्ट आहे, दॅट तिची खुर्ची सांभाळतोय. तो उठवलात तर 'द फाइल्स कॅनॉट बी ओपन्ड आर...' असं होतं, वाचणाऱ्याला वाटतं वाक्य ओपन्डपाशी संपलं, आणि मग हा 'आर' कुठून उगवला ते त्याला कळत नाही.

तो 'आर' सुद्धा तपासा बरं का. मोडल एकवचन-अनेकवचन बघत नाही पण क्लॉज संपल्यावर येणारं मुख्य क्रियापद बघतं, आणि मधे एवढं मोठं शेपूट आलं की आपण सुरुवातीचं नाव विसरतो. फाइल्स, तर आर. फाइल, तर इज.

पायरी ४: कॉमा

छोटी गोष्ट, अर्थ मात्र पूर्ण बदलते. 'द फोटोज दॅट कॅनॉट बी रिप्लेस्ड आर ऑन टू ड्राइव्ह्ज', म्हणजे फोटो बरेच आहेत, त्यातले परत मिळणार नाहीत तेवढेच दोन ड्राइव्हवर ठेवलेत. 'द फोटोज, व्हिच कॅनॉट बी रिप्लेस्ड, आर ऑन टू ड्राइव्ह्ज', म्हणजे सगळेच फोटो परत न मिळणारे आणि सगळेच दोन ड्राइव्हवर. कॉमा घातला की दॅट चालत नाही, व्हिच किंवा हू घ्यायचा. कॉमा नसेल तर वस्तूसाठी दोन्ही चालतात, अमेरिकन संपादक तिथे दॅटचा आग्रह धरतात, ब्रिटिश तेवढं मनावर घेत नाहीत.

पायरी ५: 'नको होतं'

होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल हळहळ किंवा तक्रार करायची असेल तर बीच्या जागी 'हॅव बीन' येतो. पाठवायला नको होता असा ईमेल, 'अॅन ईमेल दॅट शुड नॉट हॅव बीन सेंट'. इथे क्रम मोठा होतो म्हणून घाबरायचं नाही, शुड नॉट तसंच, सेंट तसंच, मधला बी फक्त जाडा झाला. 'कुड नॉट हॅव बीन अव्हॉइडेड' म्हणजे टाळता आलंच नसतं. 'नीड नॉट हॅव बीन प्रिंटेड' म्हणजे छापायची गरज नव्हती, पण छापलं गेलं. हॅवच्या जागी हॅज कधीच नाही, सब्जेक्ट कोणीही असो, कारण आधी मोडल बसलाय.

या साच्यात न बसणारी वाक्यं

सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'मिस्टेक्स व्हिच शुड नॉट बी हॅपन्ड.' हॅपन हे अकर्मक, त्याला कर्म नाही म्हणून पॅसिव्हही नाही. होऊ नयेत अशा चुका म्हणजे 'मिस्टेक्स दॅट शुड नॉट हॅपन', विषय संपला. अकर, अराइव्ह, डिसअपिअर यांचंही तेच. शंका आली तर मराठीत 'कोणी काय केलं' असं विचारून बघा, 'कोणी चूक केली' म्हणता येतं, 'कोणी चूक घडली' म्हणता येत नाही, मग मेक चालेल, हॅपन चालणार नाही.

दार अडकलंय, ढकलून उघडत नाहीये, तेव्हा 'अ डोअर दॅट वोन्ट ओपन' जास्त नैसर्गिक. 'कॅनॉट बी ओपन्ड' म्हटलं की कोणीतरी उघडायचा प्रयत्न करून पाहिला आणि शक्यच नाही असा सूर लागतो. मराठीतही 'उघडत नाही' आणि 'उघडता येत नाही' यात हाच फरक आहे, तो तसाच पलीकडे न्यायचा.

'मे नॉट' शक्यतो टाळा. 'अ बुक दॅट मे नॉट बी बॉरोड' म्हणजे नेता येणार नाही, मनाई, की कदाचित कोणी नेणारच नाही? दोन्ही अर्थ होतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची मानकं लिहिण्यासाठी जी नियमावली आहे तिच्यातही मनाईसाठी शॅल नॉट लिहा, मे नॉट नको, असं स्पष्ट सांगितलंय. तुम्ही कायद्याचे कागद लिहीत नसाल तर मनाईला मस्ट नॉट आणि कदाचितला माइट नॉट, प्रश्नच मिटतो.

वाक्य छोटं करायच्या नादात 'फाइल्स नॉट ओपन्ड' असं लिहिलं तर मोडलच उडून जातो, त्याचा अर्थ 'न उघडलेल्या फायली', उघडता येतात की नाही माहीत नाही. छोटं करायचंच तर मनाईसाठी 'नॉट टू बी' आहे, 'फाइल्स नॉट टू बी डिलीटेड', लेबलवर वगैरे छान बसतं. कॅनॉटला तसा शॉर्टकट नाही, पण बऱ्याचदा तयार विशेषण मिळतं: टाळता येत नाही ते अनअव्हॉइडेबल, मोडत नाही ते अनब्रेकेबल. मिळालं तर बिनधास्त वापरा, अख्खा क्लॉज वाचतो.

आणि उलट दिशेनं, इंग्रजीतून मराठीत आणताना 'ज्या फायली उघडल्या जाऊ शकत नाहीत' असं कृपा करून लिहू नका. व्याकरणात बसतं, पण असं बोलतं कोण? उघडता न येणाऱ्या फायली म्हणा.

करून बघा

'ज्याच्यावर विसंबता येत नाही असा माणूस.' रिलाय हे ऑन घेऊन चालतं, पॅसिव्हमध्येही ऑनला सोडायचं नाही, म्हणून 'अ पर्सन हू कॅनॉट बी रिलाइड ऑन'. शेवटी ऑन लोंबतोय असं वाटेल, लोंबू दे.

'जायची गरज नाही अशी मीटिंग.' 'अ मीटिंग दॅट नीड नॉट बी अटेंडेड' चुकीचं नाही, पण सरकारी वाटतं. 'अ मीटिंग यू डोन्ट हॅव टू अटेंड' बरं, आणि बघा, इथे दॅट गळाला तरी चाललं, कारण जाणारे 'तुम्ही' आहात, मीटिंग ऑब्जेक्ट झाली.

'सुधारता येणार नाही अशी एकही चूक यात नाही.' इथे दोन नकार आलेत म्हणून एक खोडायला जाल, थांबा. एक मुख्य वाक्याचा आहे, एक क्लॉजचा, दोघांची घरं वेगळी. 'देअर इज नो मिस्टेक हिअर दॅट कॅनॉट बी करेक्टेड.'